डॉक्टर जॉन्सन व निर्दोषतेचा हव्यास

निबंध लिहावयास बसलेल्या मुलांकडे थोडा वेळ लक्ष देऊन पाहिलें तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. ज्याचें वाचन बेताचें असतें तो मुलगा चटकन् लिहूं लागतो. आणि ज्याला चांगल्यावाइटाची पारख आहे असा हुशार मुलगा पुष्कळदां टांक चावीत बसतो. तो पहिलें वाक्य लिहितो, खोडतो, पुन्हां लिहितो, पान फाडतो. आणि तास संपला म्हणजे त्याच्या हातीं कोरा कागद राहतो. अशा मुलाला आळशी म्हणून बोल लावणें सोपें आहे. परंतु त्याचा रोग आळसाचा नसून निर्दोषतेच्या हव्यासाचा आहे, हें शिक्षकांच्या आणि आईबापांच्याही नजरेस क्वचितच येतें. आपल्या हातून जें उतरेल तें उत्तमच उतरलें पाहिजे, नाहीं तर उतरूंच नये, अशी त्याच्या मनानें गांठ बांधलेली असते. ह्या रोगानें मोठमोठे ग्रंथकारही ग्रासलेले आहेत. त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो ग्रंथकार म्हणजे इंग्रजी भाषेचा कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन होय. त्याचें नांव आमच्या वाचकांना नवें नाहीं. परंतु ज्या पुरुषानें एवढा प्रचंड कोश रचला तो जन्मभर स्वतःला आळशी समजत होता, आणि प्रत्येक ग्रंथ हातावेगळा करतांना त्याला आपल्याच मनाशीं झगडावें लागलें, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत नसते.

जॉन्सनचा जन्म इ. स. १७०९ च्या सप्टेंबरांत इंग्लंडच्या मध्यभागीं लिचफील्ड ह्या गांवीं झाला. त्याचा बाप मायकेल जॉन्सन हा पुस्तकविक्रेता होता. खालीं दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी भर बाजारपेठेंत त्यांची राहण्याची सोय होती. तान्हेपणींच मुलाला गंडमाळेनें गांठलें. एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली आणि त्या रोगाचे व्रण अंगावर कायमचे राहिले. राजाच्या स्पर्शानें हा रोग बरा होतो अशी त्या काळच्या लोकांची समजूत होती. म्हणून १७१२ सालीं आई त्याला लंडनास घेऊन गेली आणि ॲन राणीकडून त्याच्या अंगावर हात फिरवून आणला. रोगानें राणीची कांहीं भीड धरली नाहीं. मुलगा अंगानें धिप्पाड, दिसण्यांत ओबडधोबड, पण स्मरणशक्तीनें असामान्य निघाला. बापाच्या दुकानांतील पुस्तकें तो भुकेल्या माणसानें अन्न खावें तशीं वाची. मात्र एखादें पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेटानें वाचून काढण्याचा धीर त्याला क्वचितच असे.

त्याच्या तरुणपणची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचा बाप आसपासच्या गांवांच्या बाजारांत पुस्तकांचें पाल मांडीत असे. एके दिवशीं प्रकृति बरी नसल्यामुळें त्यानें मुलास उटॉक्सेटरच्या बाजारीं जावयास सांगितलें. मुलानें गर्वानें नकार दिला, आणि म्हातारा बिचारा तसाच गेला. पुढें सुमारें ५० वर्षांनीं, सगळ्या इंग्लंडांत ज्याचा दबदबा होता असा हा वृद्ध पंडित त्याच गांवीं गेला, आणि बापाचें पाल जेथें लागत असे त्या जागीं भर पावसांत बोडक्या डोक्यानें कांहीं वेळ उभा राहिला. बाजारचे लोक पाहत होते. त्याची त्यानें पर्वा केली नाहीं. ह्या गोष्टीचा ग्रंथलेखनाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें संबंध फार निकटचा आहे. ज्याच्या मनांतील न्यायाधीश पन्नास वर्षांपूर्वींचा एक अपराध माफ करावयास तयार नव्हता, तो न्यायाधीश त्यानें लिहिलेल्या एखाद्या पानाला सहजासहजीं कसा सोडणार?

१७२८ सालीं जॉन्सन ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाला. तेथें त्याच्या विद्वत्तेनें गुरुजन थक्क झाले, पण खिशांत पैसा नव्हता. बूट इतके फाटले कीं पायाचीं बोटें बाहेर दिसूं लागलीं. कोणी दयाळू माणसानें त्याच्या खोलीच्या दाराशीं नव्या बुटांचा जोड ठेवला, तर ह्या मानी मुलानें तो उचलून फेकून दिला. अवघ्या १३ महिन्यांनीं, पदवी न घेतां, त्याला घरीं परतावें लागलें. त्यानंतर त्याला विषण्णतेनें असें घेरलें कीं आपणांस वेड लागतें कीं काय अशी भीति त्याला वाटूं लागली. आणि ती भीति त्याला पुढें कधींच पुरती सोडून गेली नाहीं. १७३१ सालीं बापही वारला.

ह्याच पडत्या काळांत त्याचें पहिलें पुस्तक झालें, आणि तें कसें झालें हें ऐकण्यासारखें आहे. बर्मिंगहॅम गांवीं हेक्टर नांवाचा त्याचा शाळासोबती राहत असे. लोबो नांवाच्या एका पोर्तुगीज पाद्र्यानें ॲबिसीनिया देशाच्या प्रवासाचें वर्णन लिहिलें होतें. त्याच्या फ्रेंच प्रतीवरून इंग्रजी भाषांतर करून देण्याचें जॉन्सननें कबूल केलें. थोडा भाग झाला आणि गाडें अडलें. दिवस जाऊं लागले, पण जॉन्सन अंथरुणांतून उठेना. मित्रानें त्याला उपदेश केला असता तर कांहीं उपयोग झाला नसता. पण हेक्टर शहाणा होता. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, हें काम पुरें होईपर्यंत छापखानेवाल्यास दुसरें काम घेतां येत नाहीं, आणि त्या गरीब माणसाच्या बायकामुलांचे हाल होत आहेत. ही मात्रा लागूं पडली. जॉन्सन अंथरुणांतून उठला नाहींच. पण तें जाडजूड पुस्तक समोर धरून तो पडल्यापडल्या भाषांतर सांगूं लागला, आणि हेक्टर लिहून घेऊं लागला. लिहिलेले कागद छापखान्यांत नेऊन देण्याचें आणि मुद्रितें तपासण्याचेंही बहुतेक काम हेक्टरनेंच केलें. १७३५ सालीं पुस्तक बाहेर पडलें आणि ग्रंथकाराला पांच गिन्या मिळाल्या.

आम्हांस ही गोष्ट फार बोधक वाटते. स्वतःच्या कीर्तीचा विचार मनांत होता तोंपर्यंत त्याची जीभ बांधली गेली होती. दुसऱ्याच्या चुलीचा विचार मनांत आला तेव्हां ती सुटली. आणि दुसरें असें कीं, वाक्य त्याच्या तोंडून निघालें कीं मित्राच्या लेखणीखालीं गेलें. तें पुन्हां पुन्हां खोडण्यास त्याला सवडच राहिली नाहीं.

ह्याच वर्षीं त्याचा एलिझाबेथ पोर्टर नांवाच्या विधवा बाईशीं विवाह झाला. बाई त्याच्याहून वीस वर्षांनीं वडील होती. लोक हंसले, पण जॉन्सनचें तिच्यावर अखेरपर्यंत निस्सीम प्रेम होतें. तिच्या पैशावर त्यानें एडियल येथें शाळा काढली. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले, आणि शाळा बुडाली. त्या विद्यार्थ्यांत डेव्हिड गॅरिक नांवाचा एक मुलगा होता. तोच पुढें इंग्लंडांतील सर्वांत मोठा नट झाला. १७३७ सालीं गुरु आणि शिष्य मिळून नशीब काढण्याकरितां लंडनास निघाले. जॉन्सनच्या सामानांत 'आयरीन' नांवाच्या शोकपर्यवसायी नाटकाचें अपुरें हस्तलिखित होतें. ह्या नाटकावर त्याची सारी आशा होती.

आतां वाचकांनीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. एकीकडे हें नाटक. तें त्यानें घासलें, पुसलें, सुधारलें, जपून ठेवलें. एक तप लोटल्यावर १७४९ सालीं गॅरिकनें आपल्या नाटकगृहांत मित्रप्रेमानें त्याचा प्रयोग केला. नऊ रात्री तें कसेंबसें चाललें. भाषा शुद्ध, विचार उदात्त, रचना निर्दोष, आणि पात्रें मात्र लांकडाचीं! आज विद्वानांवांचून तें कोणी उघडीत नाहीं. दुसरीकडे ह्याच वर्षांत लंडनांत पोट भरण्यासाठीं केलेलें लेखन. एडवर्ड केव्ह ह्या गृहस्थाच्या मासिकांत तो मिळेल तें काम करी. पार्लमेंटांतील भाषणांचा वृत्तांत छापण्यास त्या काळीं बंदी होती. म्हणून कल्पित देशाच्या नांवाखालीं, दुसऱ्यांनीं आणलेल्या त्रोटक टिपणांवरून, तो सबंध भाषणें रचून देई. सॅव्हेज नांवाच्या एका दुर्दैवी कवीबरोबर त्यानें लंडनच्या रस्त्यांतून उपाशीपोटीं रात्रीच्या रात्री भटकून काढल्या होत्या. तो कवि तुरुंगांत मरण पावल्यावर १७४४ सालीं जॉन्सननें त्याचें चरित्र लिहिलें. त्यांतील ४८ छापील पानें एका बैठकींत, रात्र जागून, लिहिलेलीं आहेत. तें चरित्र अजून वाचलें जातें, आणि वाचणाऱ्याचें मन हलवितें. घाईनें लिहिलेलें सगळेंच चांगलें असतें असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या नाटकाला त्यानें आपली प्रतिष्ठा बांधली तें निर्जीव राहिलें, आणि ज्या चरित्रांत तो स्वतःला विसरला त्यांत जीव आला, हें डोळ्यांआड करतां येत नाहीं.

१७४६ सालीं लंडनच्या कांहीं पुस्तकविक्रेत्यांनीं एकत्र येऊन त्याच्याशीं इंग्रजी भाषेच्या कोशाचा करार केला. मोबदला १५७५ पौंड ठरला; त्यांतूनच मदतनिसांचे पगार, कागद, सर्व कांहीं भागवावयाचें होतें. जॉन्सननें तीन वर्षांत काम संपविण्याचें वचन दिलें. फ्रान्समध्यें १६३५ सालीं स्थापन झालेल्या पंडितसभेंत चाळीस सभासद होते, आणि त्यांचा कोश १६९४ सालीं बाहेर पडला! हा एकटा माणूस तें काम तीन वर्षांत करूं निघाला. पुढच्या वर्षीं त्यानें लॉर्ड चेस्टरफील्ड ह्या सरदारास उद्देशून आपल्या कोशाची योजना छापली. ती योजना वाचली म्हणजे त्याच्या मनांत केवढें स्वप्न होतें तें दिसून येतें. प्रत्येक शब्दाचें मूळ शोधावयाचें, प्रत्येक अर्थाचा क्रम लावावयाचा, शास्त्रांतील आणि धंद्यांतील शब्दांचा तळ गांठावयाचा, आणि भाषेला असा बांध घालावयाचा कीं पुढें ती बिघडूंच नये. निर्दोषतेचा हव्यास ह्याहून मोठा काय असणार? एखाद्या नदीला सांगावें कीं तूं आतां येथेंच थांब, तशांतला हा प्रकार होता.

लंडनांत गॉफ स्क्वेअर म्हणून एक चौक आहे. तेथील १७ नंबरच्या घराच्या पोटमाळ्यावर त्यानें आपला कारखाना थाटला. सहा लेखनिक ठेवले. त्यांपैकीं पांच स्कॉटलंडचे होते. स्कॉच लोकांची थट्टा करण्यांत जॉन्सनचा हात धरणारा कोणी नव्हता, हें ज्यांना माहीत आहे त्यांना ह्या गोष्टीचें हंसूं येईल. कामाची रीत अशी होती. जॉन्सन उत्तम ग्रंथकारांचीं पुस्तकें वाची, आणि जो शब्द उदाहरणासह घ्यावयाचा त्याच्याखालीं शिसपेनीनें रेघ ओढी, व त्याचें आद्याक्षर समासांत लिही. लेखनिक तें वाक्य उतरून घेत आणि तें ज्या त्या अक्षराखालीं लावीत. लोकांकडून मागून आणलेलीं पुस्तकें परत जात तेव्हां रेघांनीं इतकीं भरलेलीं असत कीं मालक कपाळाला हात लावीत.

पण लवकरच मोठा प्रसंग ओढवला. पहिल्यानें त्यानें वह्यांतून शब्द मांडून प्रत्येकाच्या अर्थासाठीं जागा सोडली होती. एकेका शब्दाला किती अर्थ निघतील ह्याचा अंदाज आधींच बांधला होता. पण पुस्तकें वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं भाषा आपल्या आंखलेल्या रकान्यांत मावत नाहीं. साध्यासाध्या क्रियापदांचेच अर्थ इतके वाढत गेले कीं सोडलेली जागा कोठल्या कोठें बुडाली. तीन वर्षांची मुदत संपली आणि हातीं छापण्याजोगी प्रत नव्हती. तेव्हां, सुमारें १७५० सालीं, त्यानें तो सारा खटाटोप बाजूस सारला आणि काम नव्या रीतीनें मांडलें. आधीं चौकट करून तींत भाषा बसविण्याऐवजीं, जमलेल्या उताऱ्यांवरूनच शब्दाचे अर्थ ठरवावयाचे, असा मार्ग त्यानें धरला. तीन वर्षांचे कष्ट असे टाकून देणें किती जड गेलें असेल! पुस्तकविक्रेते तगादा लावीत होते, पैसा संपत चालला होता, आणि घरांत बायको आजारी होती.

अशा वेळीं त्यानें काय करावें? त्यानें आणखी एक काम अंगावर घेतलें. १७५० च्या मार्च महिन्यापासून तो 'रॅम्ब्लर' नांवाचें पत्र काढूं लागला. दर मंगळवारीं आणि शनिवारीं एक निबंध, किंमत दोन पेन्स. दोन वर्षें, एकही खाडा न पडतां, २०८ अंक निघाले. आणि चारपांच अंक सोडल्यास सगळे त्यानें एकट्यानें लिहिले. पुष्कळदां छापखान्याचा पोऱ्या दाराशीं उभा असे आणि जॉन्सन निबंधाचा शेवट लिहीत असे. एका निबंधांत तर त्यानें हीच गोष्ट विषय म्हणून घेतली आहे. कोणत्या विषयावर लिहावें ह्याचा विचार करीत आपण सकाळभर बसलों होतों, एकामागून एक विषय पुढें येत होता आणि कोणताच पसंत पडत नव्हता, इतक्यांत छापखान्याचा निरोप आला आणि लिहावेंच लागलें, असें तो सांगतो. आणि तेथून दिरंगाईच्या स्वभावाचें इतकें मार्मिक विवेचन करतो कीं वाचणाऱ्यास स्वतःची लाज वाटावी. मंगळवार आणि शनिवार हे त्याचे खरे वैद्य झाले. तो दिवस उजाडला कीं निबंध चांगला असो, मध्यम असो, हातांतून सोडणें भाग होतें.

येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे, नाहीं तर आमचे कांहीं विद्यार्थी गैरसमज करून घेतील. जॉन्सननें हे निबंध घाईनें लिहिले म्हणून ते तसेच टाकले नाहींत. ते पुस्तकरूपानें निघूं लागले तेव्हां त्यानें त्यांत हजारों ठिकाणीं दुरुस्त्या केल्या. त्याचा नियम असा पडला कीं लिहिण्याचा दिवस वेगळा आणि तपासण्याचा दिवस वेगळा. जो माणूस दोन्ही कामें एकाच क्षणीं करूं पाहतो त्याच्या हातीं खोडलेलें पहिलें वाक्य तेवढें राहतें.

अंक खपत पांचशेंहूनही कमी. परंतु एका वाचकाच्या पसंतीनें जॉन्सनला सर्व भरून पावलें. त्याची पत्नी कांहीं अंक वाचून म्हणाली कीं, तुमच्याविषयीं माझें मत पूर्वींच चांगलें होतें, पण तुमच्या हातून इतकें सरस लिहिलें जाईल असें मला वाटलें नव्हतें. १७५२ च्या मार्चमध्यें १४ तारखेस शेवटचा अंक निघाला, आणि तीनच दिवसांनीं ती बाई वारली. जॉन्सन दुःखानें वेडापिसा झाला. पोटमाळ्यावर लेखनिक चिठ्ठ्या लावीत होते, आणि खालीं धनी शून्य दृष्टीनें बसलेला, असे कांहीं महिने गेले. पुढच्या वर्षीं एप्रिलांत त्यानें कोशाच्या दुसऱ्या भागास हात घातला, आणि मग मात्र मागें वळून पाहिलें नाहीं.

शेवटचा कागद छापखान्याकडे गेला तेव्हां पुस्तकविक्रेता मिलर ह्यानें सुटलों एकदांचा म्हणून देवाचे आभार मानले. निरोप्यानें तें येऊन सांगितलें, तेव्हां मिलर कशासाठीं कां होईना पण देवाचे आभार मानतो हें ऐकून आनंद वाटला, असा जॉन्सननें उलट टोला दिला! १७५५ च्या एप्रिल महिन्याच्या १५ तारखेस कोश प्रसिद्ध झाला. दोन अवाढव्य भाग, ४२,७७३ शब्द, सुमारें १,१४,००० उतारे, किंमत साडेचार पौंड. तीन वर्षांच्या ठिकाणीं जवळजवळ नऊ वर्षें लागलीं. ऑक्सफर्डनें ज्याला पैशाअभावीं पदवीविना जाऊं दिलें होतें, त्यालाच तिनें कोश निघण्याच्या आधीं एम्. ए. ची पदवी दिली, आणि ती मुखपृष्ठावर छापली गेली. लॉर्ड चेस्टरफील्डनें सात वर्षें विचारपूस केली नव्हती; कोश निघतो असें दिसतांच त्यानें स्तुतिपर लेख लिहिले. त्याला जॉन्सननें जें पत्र पाठविलें तें सुप्रसिद्ध आहे, आणि मानी ग्रंथकारांना अजूनही तें तोंडपाठ असतें. त्याचा विस्तार येथें नको.

आम्हांला त्या पत्राहून कोशाची प्रस्तावना अधिक मोलाची वाटते. भाषेला कायमचा बांध घालूं म्हणणारा तरुण त्या प्रस्तावनेंत राहिलेला नाहीं. तो कबूल करतो कीं तसें करणें मनुष्याच्या हातचें नाहीं. जिवंत भाषा बदलत राहणार. प्रत्येक शोधांतून दुसरा शोध निघतो, एका पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकाकडे जावें लागतें, आणि असें करीत गेलें तर आयुष्य पुरणार नाहीं, हें ओळखून आपण कोठें तरी मर्यादा घातली, असें तो सांगतो. ग्रंथांत चुका राहिल्या आहेत, कांहीं हास्यास्पदही असतील, हेंही तो लपवीत नाहीं. आणि चुका होत्याच. घोड्याच्या खुरावरच्या भागाचें नांव त्यानें गुडघा म्हणून दिलें होतें. एका बाईनें भर बैठकींत विचारलें कीं ही चूक कशी झाली. तेव्हां दुसरें कांहीं न सांगतां निव्वळ अज्ञानामुळें झाली, असें त्यानें उत्तर दिलें. ज्या मनुष्याला पूर्वीं एक सदोष ओळ सहन होत नसे, त्याच्या तोंडून हें उत्तर यावयास नऊ वर्षांची तपश्चर्या लागली. १७७३ सालीं त्यानें कोशाची चौथी आवृत्ति पुष्कळ श्रम घेऊन सुधारून काढली, आणि घोड्याचा पाय जागच्या जागीं बसविला. पहिली आवृत्ति निघालीच नसती तर चौथी कोठून निघणार?

कोशानें कीर्ति दिली, पैसा दिला नाहीं. १७५६ सालीं सहा पौंडांच्या आंतल्या कर्जासाठीं त्याला पकडण्यांत आलें. कादंबरीकार रिचर्डसन ह्यानें सहा गिन्या पाठविल्या तेव्हां सुटका झाली. १७५९ च्या जानेवारींत लिचफील्डास त्याची वृद्ध आई आजारी पडून वारली. तिच्या अंत्यविधीसाठीं आणि तिच्या लहानसान देण्यांसाठीं पैसा हवा होता. जॉन्सननें एका आठवड्यांतील संध्याकाळच्या वेळांत 'रासेलस' ही कथा लिहिली. जसजसे कागद होत तसतसे ते छापखान्यांत जात, आणि एकंदर कथा त्यानें पुन्हां वाचूनही पाहिली नाहीं. तिचे १०० पौंड आले, आणि दुसऱ्या आवृत्तीचे आणखी २५. बावीस वर्षांनीं एकदां गाडींतून प्रवास करतांना ती त्याच्या हातीं पडली, तेव्हां त्यानें ती एखादें नवें पुस्तक वाचावें तशी आतुरतेनें वाचली. हीच कथा आपल्या मराठींत आली आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं तिचें भाषांतर आरंभिलें, तें अर्धवट राहिलें. मग त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री ह्यांनीं तें पुरें केलें आणि १८७३ सालीं तें प्रसिद्ध झालें. विष्णुशास्त्र्यांचा जॉन्सनवर फार लोभ. 'निबंधमालें'त त्यांनीं त्याचें विस्तृत चरित्रही लिहिलें. ठरलेल्या मुदतीस, बहुतेक एकट्यानें मजकूर लिहून, मासिक चालवावयाचें हा धडाही त्यांनीं जॉन्सनपासून घेतला असावा, असा आमचा तर्क आहे.

एवढें झाल्यावर जॉन्सनचा रोग कायमचा बरा झाला असें म्हणतां आलें असतें तर चरित्र लिहिणें फार सोपें झालें असतें. पण तसें झालें नाहीं. शेक्सपीअरच्या नाटकांची शुद्ध आवृत्ति काढण्याचें त्यानें १७५६ सालीं जाहीर केलें, दीड वर्षाची मुदत दिली, वर्गणीदारांचे पैसे घेतले आणि ते खर्चूनही टाकले. वर्षामागून वर्षें गेलीं. पुन्हां तोच पेंच. शेक्सपीअरचा प्रत्येक पाठ तपासावयाचा, प्रत्येक जुनी प्रत मिळवावयाची, अशी प्रतिज्ञा छापून बसल्यावर लहानसें काम सुरू करण्यास धीर होईना. १७६२ सालीं सरकारनें त्याला ३०० पौंडांचें वर्षासन दिलें, तेव्हां पोटाची काळजी मिटली आणि कामाची टोचणीही बोथट झाली. त्याच वर्षीं चर्चिल नांवाच्या कवीनें, हा पैसे खाऊन पुस्तक देत नाहीं म्हणून, त्याची चारचौघांत टर उडविली. मित्रांनींही पिच्छा पुरविला. शेवटीं १७६५ सालीं, नऊ वर्षांनीं, तो ग्रंथ निघाला. त्यांत अपुरेपणा पुष्कळ आहे. पण त्याची प्रस्तावना शेक्सपीअरवरील उत्तम लेखांत गणली जाते.

त्याची खाजगी टांचणें त्याच्या मृत्यूनंतर छापलीं गेलीं. तीं वाचतांना मन गलबलून येतें. दर वाढदिवशीं आणि दर ईस्टरला तो तेच तेच निश्चय लिहितो: लवकर उठावें, वेळ फुकट दवडूं नये, अभ्यासाचा क्रम ठरवावा. १७६४ सालीं, ५५ व्या वाढदिवशीं, आपण सारें आयुष्य निश्चय करण्यांतच घालविलें आणि कांहींच केलें नाहीं, अशा आशयाची नोंद त्यानें केली आहे. कोश निघून तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं! आपण केलेलें काम आपल्या डोळ्यांना दिसूं नये, आणि न केलेलें तेवढें पर्वताएवढें दिसावें, हा ह्या रोगाचा सर्वांत क्रूर भाग आहे. घरांतील एखादें मूल चांगले गुण मिळवूनही खिन्न बसत असेल, तर आईबापांनीं हें पान जरूर वाचावें.

परंतु उतारवयांत त्याच्या हाताला एक प्रकारची मोकळीक आली, हें खरें. १७७७ सालीं पुस्तकविक्रेत्यांनीं इंग्रजी कवींच्या संग्रहासाठीं लहान लहान प्रस्तावना मागितल्या. जॉन्सननें २०० गिन्या सांगितल्या. त्याहून पुष्कळ अधिक सहज मिळाल्या असत्या. लिहितां लिहितां प्रस्तावनांचीं चरित्रें झालीं, आणि १७७९ पासून १७८१ पर्यंत ५२ कवींचीं चरित्रें प्रसिद्ध झालीं. आपण तीं नेहमींप्रमाणें कधीं रेंगाळत, कधीं घाईनें लिहिलीं, असें त्यानेंच नमूद करून ठेवलें आहे. पण त्या नोंदींत पूर्वींची जळजळ नाहीं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचीं हीं पुस्तकें त्याच्या सर्व ग्रंथांत अधिक मोकळीं, अधिक रसाळ आहेत.

अखेरच्या आजारांत झोंप येईना, तेव्हां रात्री तो ग्रीक सुभाषितें लॅटिन पद्यांत उतरवीत पडे. मरण जवळ आलें असें दिसतांच त्यानें आपले पुष्कळ खाजगी कागद जाळून टाकले. १७८४ च्या डिसेंबर महिन्याच्या १३ तारखेस त्याचा अंत झाला. फ्रान्सिस बार्बर नांवाचा, जमेकांत गुलामगिरींत जन्मलेला, त्याचा नोकर अनेक वर्षें त्याच्याजवळ होता. आपल्या मिळकतीचा बहुतेक भाग जॉन्सननें त्यालाच दिला. त्याचा देह वेस्टमिन्स्टर ॲबींत पुरला आहे. ४७ वर्षांपूर्वीं जो शिष्य त्याच्याबरोबर नशीब काढावयास लंडनास निघाला होता, त्या गॅरिकची कबर शेजारींच आहे. आणि जवळच शेक्सपीअरचें स्मारक उभें आहे.